शेजार सुटला की

जबलपुरात पॅथॉलॉजी करायची म्हणजे तोंडाचा कॅन्सर रोजचाच. मंडला, डिंडोरी, दमोह, कटनीकडून तुकडे येतात आणि त्यांत गालाचं अस्तर नि जिभेची कड यांचाच भरणा. पेशीला आकार देणाऱ्या, शेजारणीला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांबद्दल या कामात जे उमगलं, ते असं:

१. आधी जागा बघावी, मग पेशी. नवे विद्यार्थी स्लाइड लावली की थेट मोठ्या भिंगावर जातात आणि केंद्रकं न्याहाळत बसतात. मी त्यांना लहान भिंगावर परत आणते. निरोगी गालात तळाच्या पेशी एका पातळ पटलावर रांगेत उभ्या असतात. त्यांच्या पोटात केराटिन ५ आणि १४ चे दोर असतात, वरच्या थरांत ४ आणि १३ चे. हे दोर डेस्मोसोम नावाच्या टाचण्यांना बांधलेले असतात, आणि टाचण्या दोन पेशींना जोडतात. कॅन्सर कळतो तो ही रचना कुठे मोडली यावरून. नुसतं केंद्रक काळंभोर दिसलं म्हणून कॅन्सर लिहून टाकायचा नसतो.

२. ही प्रथिनं नुसते खांब-वासे नाहीत. ई-कॅडहेरिन दोन पेशींना चिकटवतं, शिवाय बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाला पेशीच्या कडेला अडकवून ठेवतं. ते सुटून केंद्रकात शिरलं, तर विभाजनाची जनुकं जागी करू शकतं. म्हणजे चिकटवणारं प्रथिन हाच एक ब्रेक. याचा सगळ्यात लख्ख पुरावा १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात सापडला. पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जठराच्या कॅन्सरनं जात होती, आणि मुळाशी निघाला ई-कॅडहेरिनच्या जनुकातला बिघाड. असा वारसा सापडलेल्यांना आज निरोगी जठरही काढून टाकण्याचा सल्ला देतात.

३. अँटिबॉडी प्रथिनाला चिकटली की स्लाइडवर उमटणाऱ्या तपकिरी रंगावर एकदम भरवसा ठेवू नये. तुकडा टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिननं प्रथिनं एकमेकांत इतकी गुंततात की अँटिबॉडीला आपली जागाच सापडत नाही. ती मोकळी करायला स्लाइड बफरमध्ये बुडवून चक्क प्रेशर कुकरमध्ये ठेवतात. हो, स्वयंपाकघरात असतो तोच. पण त्याआधीची साखळीही नीट लागते. एका नर्सिंग होममधून स्तनाचा तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये तरंगत आला, तोही मे महिन्यात, दुसऱ्या दिवशी. अशा तुकड्यात प्रथिन नाही असं दिसलं, तर ते कॅन्सरनं घालवलं की उकाड्यानं, हे कोण सांगणार? म्हणून मी आधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका बघते. त्यांच्या पेशींच्या कडा तपकिरी आणि गाठीच्या कडा कोऱ्या असतील, तरच ‘ई-कॅडहेरिन गेलं’ हे शब्द लिहायचे. स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरमध्ये ते असंच जातं, आणि मग पेशी सुट्ट्या होऊन एकामागे एक ओळीनं तंतूंमधून निघतात. हाताला कित्येकदा धड गाठही लागत नाही.

४. चांगलं प्रथिन, वाईट प्रथिन अशी वाटणी चालत नाही. नवी मुंबईत खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये यावर बरंच काम झालंय. सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेनं आतड्याच्या कॅन्सरपेशींतलं प्लाकोफिलिन-३, म्हणजे त्या टाचण्यांतलाच एक भाग, कमी केलं, तर पेशींची पकड सुटली आणि उंदरांत कॅन्सर दूर पसरला. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच. पण मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेनं तोंडाच्या कॅन्सरपेशींतलं केराटिन ८ कमी केलं, तर उलट त्या पेशींची गाठ वाढवण्याची ताकदच घटली! दोन्ही बांधणीचीच प्रथिनं. गोम अशी की केराटिन ८ निरोगी गालात सहसा नसतंच. आतड्यात ते घरचं, इथे आगंतुक. पुढे हेही दिसलं, की प्लाकोफिलिन-३ घालवल्यावर आतड्याच्या पेशींत जी दांडगाई येते, तिला केराटिन ८ लागतंच. म्हणून ‘हा मार्कर पॉझिटिव्ह आला, वाईट का?’ असं कुणी फोनवर विचारलं, की मी आधी विचारते, कुठल्या अवयवात?

५. जास्त घट्ट म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. सुपारीनं गालाखाली कोलॅजन साचतं, तोंड दोन बोटंही उघडत नाही. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्येच हा आजार वर्णिला होता. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. सुपारी असलेल्या गुटख्यावर अन्नसुरक्षा नियमांखाली बंदी घालण्यात मध्य प्रदेश देशात पहिला, एप्रिल २०१२ पासून. तुकडे अजून येताहेतच.

६. रिपोर्टमधली गाठीची खोली नातेवाइकांना समजावून सांगावी. गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका मराठी गृहस्थांचा मुलगा त्यांच्या तोंडातल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आला. वैतागलेला.

“ताई, गाठ सुपारीएवढी. मग बाबांची मान कशाला चिरली?”

मी त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. शेजारच्या निरोगी अस्तराचं तळाचं पटल दाखवलं: शून्य इथून धरायचं. तिथून सरळ खाली, सगळ्यात खोल पोचलेल्या पेशीपर्यंत मोजायचं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असली, तरी ही खोली ५ मिलिमीटरच्या वर गेली की कॅन्सरची पहिली पायरी सुटून दुसरी लागते. खालच्या कडेला पाच-सात पेशींचे सुटे पुंजके होते, तेही दाखवले. शेजार सोडलेल्या पेशी त्या याच, आणि त्या मानेतल्या लसिका ग्रंथींकडे निघतात. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं २०१५ मध्ये दाखवून दिलं होतं, की सुरुवातीच्या टप्प्यावरच त्या ग्रंथी काढून मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. मानेत गाठ आल्यावरच तिला हात लावू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. “म्हणजे रुंदी नाही, खोली बघायची,” म्हणाला, आणि रिपोर्टवरचा तो आकडा पेनानं गोल करून द्यायला सांगितला.