पारा चढला, तरी गाफील राहू नका

निफाडचा पारा घसरला की त्याची बातमी होते. द्राक्षबागायतदार ती लक्ष देऊन वाचतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकने पाणी सोडले जाते. माझी विनंती आहे की तोच आकडा घरातल्या आजी-आजोबांसाठी, दम्याच्या रुग्णासाठी आणि पाळण्यातल्या बाळासाठीही वाचा.

मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, की हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले, की उत्तरेचे कोरडे, गार वारे खानदेश, नाशिक, मराठवाडा आणि विदर्भात उतरतात. आकाश निरभ्र असल्याने जमिनीतली ऊब रात्रीतून निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मग वाऱ्याची दिशा बदलते, बाष्प येते, ढग जमतात आणि चार-दोन दिवसांत पहाट पुन्हा सुसह्य होते. हिवाळ्यात असे हेलकावे अनेकदा येतात, आणि प्रत्येक वेळी शरीराला नव्याने जुळवून घ्यावे लागते.

हृदय आणि रक्तदाब

गारठ्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब वाढतो, रक्त किंचित घट्ट होते आणि हृदयावरचा ताण वाढतो. हा परिणाम लाटेसोबत संपत नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाढलेला धोका पुढे बरेच दिवस, कधी दोन-तीन आठवडेही टिकतो. म्हणून ‘आता थंडी गेली’ म्हणत लगेच पहाटे पाचला फिरायला निघू नका. साठी ओलांडलेल्यांनी आणि हृदयरोग्यांनी ऊन अंगावर आल्यावरच बाहेर पडावे.

उन्हाळ्यात ज्यांची रक्तदाबाची गोळी कमी केली होती, त्यांनी थंडी सुरू होताच डॉक्टरांना दाखवावे. घरी यंत्र असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा. पारा चढल्यावर उठताना चक्कर येऊ लागली, तर तीच वही घेऊन या. मनाने गोळी बंद करू नका आणि वाढवूही नका. थंडीत तहान लागत नाही, तरी थोडे थोडे कोमट पाणी दिवसभर पीत राहा. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ते प्रमाण पाळावे.

धूर, शेगडी आणि गिझर

थंड, स्थिर हवेत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. पहाटेची हवा डोळ्यांना स्वच्छ वाटली तरी दमेकऱ्याला ती बाधते. कचरा, टायर, प्लास्टिक शेकोटीत टाकू नका. नाकातोंडावर मफलर घ्या, इन्हेलर खिशात ठेवा आणि तो नियमित घ्यायला सांगितला असेल तर बरे वाटले म्हणून सोडू नका. ज्येष्ठांनी आणि फुप्फुसाच्या रुग्णांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी हवीच. डोके दुखून गरगरू लागले तर तत्काळ मोकळ्या हवेत या.

मधुमेहींनी शेकोटीजवळ पाय धरू नयेत, गरम पाण्याची पिशवीही तळव्यांना लावू नये. संवेदना कमी झालेली असली तर भाजल्याचे कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चिघळते. रात्री पायांच्या भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावून मोजे घाला.

बाळ, आणि रात्री रानात जाणारे

बाळाला टोपी, मोजे आणि कोरडे कपडे हवेत. त्याचे पोट आणि तळपाय दोन्ही गार लागत असतील तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या, दूध पाजा. तरीही अंग तापेना किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच दवाखान्यात न्या. धुरी देऊ नका, तोंडावर गोधडी येऊ देऊ नका.

रात्रीच्या विजेवर गहू-कांद्याला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्यांची आणि कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांची मला सर्वाधिक काळजी वाटते. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका, कोरडा जोड सोबत ठेवा. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता उलट वेगाने बाहेर पडते. कुणी बरळू लागला, गुंगू लागला, कुडकुडणे अचानक थांबले, तर शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले असण्याची शक्यता असते. ओले कपडे काढून छाती-पोट आधी पांघरुणात गुंडाळा, हातपाय चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

ऊब परतली की

दुपारी ३० अंश आणि पहाटे १२, असा फरक पडतो तेव्हा एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. दुपारी एक काढा, दिवस कलताच पुन्हा चढवा. घामेजल्या अंगाने वाऱ्यावर बसू नका. ढगाळ दिवसांत सर्दी-खोकला वाढला म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. बहुतेक सर्दी विषाणूंची असते आणि त्यांच्यावर ते चालत नाही. मात्र ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा धाप लागली, तर तपासून घ्या.

छातीत दाब किंवा जळजळीसह दरदरून घाम, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘पित्त असेल’, ‘गारठा लागला असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नका. रात्र कितीही थंड असो, रुग्णाला त्याच क्षणी घराबाहेर काढा.