फोटोतले नाटक आणि झालेले नाटक

आमच्या दिवेआगरच्या घरी एक फोटो आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कौले उडाली, वाडीतले माड-पोफळी आडव्या झाल्या आणि आजोबांची ट्रंक भिजली. तिच्यात गावच्या उत्सवी नाटकांचे फोटो होते. बहुतेक एकमेकांना चिकटून गेले; धड राहिला तो हा एक. ‘एकच प्याला’तली सिंधू जात्यापाशी बसली आहे. सिंधू म्हणजे आमचे आजोबा!

नाट्यशास्त्राचा पेपर घेतल्यापासून मी हा फोटो अभ्यासू दृष्टीने पाहू लागले आणि पहिल्याच दिवशी दोष काढला. सिंधू दळण दळते ती दारिद्र्याच्या टोकाला पोचल्यावर; मग अंगावर जरीकाठी लुगडे कसे? १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा शालू-पैठण्यांचे शौकीन बालगंधर्वही या भूमिकेसाठी जुनेर नेसले, असे सांगतात. गावच्या मंडळींना एवढेही कळू नये? मी वहीत ‘वेषभूषा : विसंगत’ असा शेरा मारून मोकळी झाले.

प्रकाशयोजनेकडे वळले तेव्हा मात्र अडले. आमच्याकडची नाटके पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांवर रात्री होत. समोरून जमिनीलगत दिवे असले की नाकाची सावली वर कपाळाकडे जाते. बत्ती डोक्यावर टांगलेली असली तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. फ्लॅश मारला असेल तर पात्रामागे पडद्यावर काळी, धारदार सावली चिकटते आणि दिग्दर्शकाने योजलेला उजेड पार पुसला जातो. माझ्या फोटोत यांपैकी काहीच नव्हते. उलट सिंधूच्या घराच्या रंगवलेल्या भिंतीवर माडाच्या झावळ्यांची सावली पडली होती. घरात झावळ्या कशा येणार? आणि त्या भिंतीला खालून वाऱ्याने फुगवटा आला होता.

आजोबांना विचारले, तर ते हसतच सुटले. “अगो, फोटोवाला श्रीवर्धनहून सकाळी आला. नाटक आदल्या रात्रीच झालं. पडदा वाडीत दोन माडांना बांधला. आणि आई म्हणाली, फोटोत तरी चांगलं नेस. रात्री फाटकंच नेसलो होतो हो!”

माझा शेरा मीच खोडला. फोटो खोटा नव्हता. तो नाटकाचा नव्हता, इतकेच.

तेव्हापासून मी कुठलाही नाट्यफोटो पाहताना आधी विचारते, हा टिपला केव्हा आणि कोणासाठी? संगीत नाटकांच्या सुवर्णकाळातले कितीतरी फोटो स्टुडिओत, मुद्दाम उभे राहून काढलेले आहेत. त्यांतले खांब आणि बागा फोटोग्राफरच्या असू शकतात. रंगांचीही हीच गत. त्या काळच्या बऱ्याच काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळे उमटे आणि लाल शालूही काळा. फोटो पाहून ‘गडद चंद्रकळा’ असे ठोकून देणाऱ्यांनी जरा थांबावे!

याउलट ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्याच्या फोटोत नेपथ्य शोधणारा फसतो. वाडा नाही, महिरप नाही; आहे ती धोतर नेसलेल्या माणसांची रांग. तीच भिंत, तोच पडदा, तीच पुण्याची गर्दी. इथे वेषभूषा आणि नेपथ्य वेगळे काढताच येत नाहीत. मात्र ही भिंत झुलते, फुटते, पाठ फिरवते, आणि ती हालचाल कुठलाही कॅमेरा एका चित्रात पकडू शकत नाही. म्हणून एकच फोटो पाहून नेपथ्याला गुण देऊ नयेत. निदान तीन-चार प्रवेशांचे फोटो शेजारी ठेवावेत.

माझ्याकडे तर एकच आहे. तो तरी पुन्हा नीट पाहिला. जाते खरे आहे, आमच्याच पडवीतले. त्याच्या खुंट्यावरची आजोबांची मूठ दळणाऱ्या बाईसारखी सैल आहे, नटासारखी आवळलेली नाही. एवढे मात्र आदल्या रात्रीचेच असावे.

ज्या दोन माडांना पडदा बांधला होता, ते वादळात गेले. फोटोच्या पाठीमागे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. जाते नाटकातले. लुगडे पणजीचे.’