विद्यालयांतून बांधावर : सल्लागार रसायनज्ञाचा धडा

शेतकीची पदवी घेतलेले, कित्येक तर आचार्य पदवीपर्यंत पोंचलेले तरुण हल्लीं अध्यापनाची व संशोधनाची वाट सोडून सल्लागार होऊं लागले आहेत. द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागांत फी घेऊन सल्ला देणारे तज्ज्ञ ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण असा सल्ला विकत घेतात, व कित्येकांचे मुलगे उद्यां तो विकणार आहेत. म्हणून शास्त्रज्ञानें सल्लागार होतांना कोणतें पथ्य सांभाळावें, आणि तें न सांभाळल्यास नुकसान कोणाचें होतें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. नुसत्या उपदेशापेक्षां घडलेलीं दोन उदाहरणें समोर ठेवलेलीं बरीं.

गोणींत भरलेली विद्या

जर्मनींतील गीसन येथील प्रोफेसर लीबिग हे आपल्या काळचे अग्रगण्य रसायनज्ञ होत. पिकें जमिनींतून कोणते क्षार घेतात, हें त्यांनीं १८४० सालीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडलें. येथवर सर्व ठीक होतें. परंतु १८४५ सालीं त्यांनीं आपल्या तत्त्वावर एक खत तयार करून त्याचें पेटंट घेतलें, व तें इंग्लंडांत विक्रीस आलें. क्षार पावसानें वाहून जातील या भीतीनें ते वितळवून कमी विरघळतील असे केले होते. आणि हवेंतून पुरेसा अमोनिया मिळतो अशा समजुतीनें नत्राकडे दुर्लक्ष झालें होतें. परिणाम असा झाला कीं खत जमिनींत तसेंच पडून राहिलें व पिकास तें लागलें नाहीं. पुढें १८५० सालीं वे नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें दाखविलें कीं, अमोनिया व पालाश यांस माती स्वतःच धरून ठेवते. म्हणजे जी भीति धरून एवढा खटाटोप केला, तीच निराधार होती.

लीबिग यांची विद्या खोटी नव्हती. खनिज द्रव्यांविषयींचा त्यांचा मूळ सिद्धांत आजहि मान्य आहे. परंतु शेतांत पुरती कसोटी लागण्याच्या आधींच ती विद्या गोणींत भरून विकली गेली, आणि किंमत शेतकऱ्यानें मोजली.

व्होल्कर यांची रीत

आतां दुसरें उदाहरण पाहूं. ऑगस्टस व्होल्कर यांचा जन्म १८२२ सालीं जर्मनींत फ्रँकफुर्ट येथें झाला. १८४६ सालीं गटिंगन येथें त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली, व पुढील वर्षीं ते एडिंबरो येथें प्रोफेसर जॉन्स्टन यांचे मदतनीस झाले. १८४९ सालीं इंग्लंडांतील सायरेन्सेस्टर येथील शेतकी विद्यालयांत ते रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून लागले.

अध्यापक असतां त्यांनीं जो विषय हातीं घेतला तो प्रत्येक शेतकऱ्याच्या दारांतला होता, तो म्हणजे शेणखत. एक ढीग उघड्यावर, एक छपराखालीं, व कांहीं खत अंगणांत पसरून, असें ठेवून त्यांनीं महिनोन्‌महिने त्यांचें पृथक्करण केलें. १८५६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ढीग नीट रचलेला असल्यास वाफेवाटे अमोनिया उडून होणारें नुकसान लोक समजतात तितकें मोठें नसतें. खरा तोटा होतो तो पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेलें सत्त्व वाहून गेल्यामुळें. आणि पसरून ठेवलेल्या खताची हानि सर्वांत अधिक होते. आमच्याकडे उघड्या उकिरड्यावरून पावसाळ्यांत जें काळें पाणी ओढ्यास मिळतें, त्याचा हिशेब यांत आला.

१८५७ सालीं इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनें त्यांस आपला सल्लागार रसायनज्ञ नेमिलें. ही सोसायटी १८३८ सालीं जमीनदार व शेतकरी यांनीं स्थापन केलेली होती. व्होल्कर यांनीं लागलीच अध्यापकी टाकली नाहीं. सुमारें सहा वर्षें दोन्ही कामें चालवून १८६३ सालीं त्यांनीं विद्यालय सोडलें, व लंडनमध्यें स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

सोसायटीचा सभासद ठराविक माफक फी भरून खत, पेंड, माती किंवा विहिरीचें पाणी तपासण्यास पाठवी. त्या काळीं ग्वानो म्हणून समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा परदेशांतून येई, व तींत वाळू-माती मिसळलेली असे. जवसाच्या पेंडींत दुसऱ्या बियांची भेसळ असे. सोऱ्याच्या जातीच्या खतांत मीठ निघे. अशीं प्रकरणें सोसायटी छापून प्रसिद्ध करी. सोसायटीच्या कामापुरता व्होल्कर यांचा धनी शेतकरी सभासद होता, खत विकणारा नव्हे. म्हणून जें आढळलें तें सांगण्यास त्यांची जीभ मोकळी होती. पुढें १८९३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें खतें व पशुखाद्यें यांविषयीं कायदा करून मालांत काय आहे याची लेखी हमी देणें विक्रेत्यावर बंधनकारक केलें.

सल्लागार झाल्यावर त्यांनीं संशोधनहि सोडलें नाहीं. १८७६ सालीं वोबर्न येथें सोसायटीनें प्रयोगक्षेत्र उघडलें. कूळ जमीन सोडून गेल्यावर त्यानें घातलेल्या खताचा व चारलेल्या पेंडीचा किती अंश मागें जमिनींत उरतो, हा तेथील एक मुख्य प्रश्न होता. कारण जाणाऱ्या कुळास भरपाई किती द्यावी हें त्यावर ठरावयाचें होतें.

हिंदुस्थानांतील काम

१८८४ सालीं ऑगस्टस व्होल्कर वारले व त्यांचे पुत्र जॉन ऑगस्टस यांजकडे तें काम आलें. १८८९ च्या डिसेंबरांत सरकारनें त्यांस हिंदुस्थानांत पाठविलें. सुमारें तेरा महिने प्रांतोप्रांतीं फिरून त्यांनीं लिहिलेला अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. येथील रयत अडाणी म्हणून तिला शिकवावें, अशा समजुतीचे लोक त्या काळीं पुष्कळ होते. व्होल्कर यांनीं पाहून लिहिलें कीं, येथील चांगला शेतकरी विलायती शेतकऱ्याच्या तोडीचा, कांहीं बाबतींत सरसहि आहे. जेथें शेती मागें आहे तेथें बहुधा पाणी, खत व साधनें यांची वाण हें कारण आहे. शेण जाळण्यावर नुसता दोष न देतां त्यांनीं सुचविलें कीं, सरपणासाठीं व चाऱ्यासाठीं राखीव वनें करावीं, म्हणजे शेण शेतास मिळेल. ज्यास सल्ला द्यावयाचा त्याची अडचण आधीं समजून घेणें, हेंच खऱ्या सल्लागाराचें लक्षण होय.

वाचकांनीं ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

१. सल्लागाराचा पैसा कोठून येतो तें प्रथम विचारावें. त्याची फी आपण देत असूं व दुकानाकडून त्यास कांहीं मिळत नसेल तर तो आपला. सल्ला फुकट आणि औषधाची बाटली मात्र त्याच हातून, असें असेल तर फी बाटलींत आहे असें समजावें.

२. शेत न पाहतां व मातीचें पृथक्करण न पाहतां दिलेल्या सल्ल्यावर पैसा घालूं नये. नमुना घेण्याचें काम मात्र आपलें आहे. एकाच प्रकारच्या जमिनींतून आठ-दहा ठिकाणीं नागमोडी चालत, सुमारें वीत-सव्वा वीत खोल माती घ्यावी. बांध, झाड, उकिरडा यांच्या जवळची टाळावी. सर्व एकत्र मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन टाकावे, व असें करीत अर्धा किलो उरवावी. मुरमाड व काळी एकत्र करूं नये. नमुना चुकला तर प्रयोगशाळेचा आंकडाहि चुकतो.

३. सल्ला लेखी घ्यावा. महसुली दप्तरांत आमचीं वर्षें गेलीं. ज्यावर तारीख, गट नंबर व सही नाहीं, असा कागद तंट्याच्या वेळीं कामास येत नाहीं. कोणतें द्रव्य, किती, केव्हां व कोणत्या कारणासाठीं, एवढें तरी कागदावर असावें. खताची पावती जपून ठेवावी. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वयें खताचा नमुना तपासून घेण्याची सोय आहे, पण पावतीवांचून तक्रार लंगडी पडते.

४. नव्या खताचा किंवा औषधाचा प्रयोग करतांना चार ओळी तशाच सोडाव्या. तुलना नसेल तर पावसाचें श्रेय बाटलीस जातें.

५. ज्यांचे मुलगे या धंद्यांत उतरूं पाहतात त्यांनीं त्यांस व्होल्कर यांची रीत सांगावी. पायाखालची पायरी पक्की असतां दुसरी चढावी, फी उघडपणें घ्यावी, विक्रेत्याचें कमिशन घेऊं नये, आणि ठाऊक नसेल तेथें ठाऊक नाहीं म्हणावें. पदवीनें दार उघडतें. पण दुसऱ्या हंगामास शेतकरी पुन्हां बोलावतो तो विश्वासामुळें.

शेवटीं एक सूचना. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यास स्वतंत्र सल्लागार परवडत नाहीं, म्हणून तो दुकानदाराच्या शब्दावर चालतो, आणि कर्ज फिटण्याच्या वेळीं त्याचा परिणाम भोगतो. पन्नास-शंभर खातेदारांनीं वर्गणी करून एक सल्लागार ठेवला तर तो सर्वांचा राहील. इंग्लंडांतील शेतकऱ्यांनीं जें दीडशें वर्षांपूर्वीं केलें तें आमच्या मंडळीस अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. येत्या वार्षिक सभेंत या सूचनेचा विचार व्हावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.