रिपोर्टातलं ‘निगेटिव्ह’

ताप हटत नाही म्हणून वडिलांना ॲडमिट केलेलं. दुसऱ्या दिवशी मुलगा हसतच येतो, ‘‘डॉक्टर, कल्चर निगेटिव्ह आलं!’’ कागद बघावा तर लिहिलेलं असतं, ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’. म्हणजे रक्तात दांडीच्या आकाराचे जिवाणू सापडलेत! काहीच उगवलं नसेल तर ‘नो ग्रोथ’ लिहितात. इथलं निगेटिव्ह रंगाबद्दल आहे.

हा ग्रॅम वजनातला नव्हे. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने 1884 मध्ये, बर्लिनमध्ये काम करताना, ही रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. जाड भिंतीचे जिवाणू जांभळा रंग सोडत नाहीत, ते पॉझिटिव्ह. पातळ भिंतीच्यांचा जांभळा धुऊन जातो आणि गुलाबी चढतो, ते निगेटिव्ह. सगळं काही मिनिटांत.

मग रक्त लगेच का रंगवत नाहीत? कारण मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जिवाणू असतो, कधी तोही नाही. त्यामुळे रक्त आधी पोषक द्रावणाच्या बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवतात, साधारण 5 दिवसांपर्यंत. जिवाणू वाढले, कार्बन डायऑक्साइड जमला, की मशीन इशारा देतं. तेव्हा त्यातला थेंब रंगवायचा. जांभळे द्राक्षांचे घोस दिसले तर स्टॅफिलोकोकाय, माळा दिसल्या तर बहुधा स्ट्रेप्टोकोकाय. गुलाबी दांड्या ई. कोलायच्या असतील, क्लेबसिएलाच्या किंवा टायफॉइडच्याही. रंगावरून नेमकं नाव कळत नाही. ते आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात. तरी एवढ्यावरही अँटिबायोटिक बदलता येतं, म्हणून लॅबवाले छापील रिपोर्टची वाट न पाहता थेट फोन करतात.

‘‘दोन्ही हातांतून कशाला? आणि एवढं रक्त?’’ नातेवाईक हमखास चिडतात. पण द्राक्षाचे घोस कातडीवरही राहतात. दोन्ही हातांच्या मिळून चार बाटल्या भरतात; त्यांपैकी एकाच बाटलीत उगवले तर ते सुईबरोबर आले असण्याची शक्यता जास्त. आणि चारही बाटल्यांचं मिळून रक्त चाळीसेक मिलिलिटर, कटिंग चहापेक्षाही कमी. कमी घेतलं तर जिवाणू हुकतात.

तुमच्याकडून एकच हवं. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने जिवाणू दबतात आणि बाटलीत उगवत नाहीत. घेतलंच असेल तर लपवू नका. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप पिशवीत टाकून आणा.