मालाच्या आयडीत अर्थ कोंबू नका

दुकानाच्या स्टॉकसाठी एपीआय लिहिताना प्रत्येक मालाला एक पत्ता द्यावा लागतो. हाताशी असलेला एसकेयू उचलून तसाच यूआरएलमध्ये बसवण्याचा मोह तेव्हा हमखास होतो. तो टाळा, असं मी कळकळीने सांगतो. एसकेयू खरेदी विभागाच्या सोयीने घडलेला असतो. त्यात ‘कुर्ता/निळा/४२’ अशा तिरक्या रेघा येतात, स्पेस येते, टक्क्याचं चिन्हही येतं. यूआरएलमध्ये मात्र तिरकी रेघ आली की पत्त्याचा पुढचा टप्पा सुरू होतो. शिल्लक विचारायला गेलं की सर्व्हर ‘कुर्ता’च्या पोटात ‘निळा’ शोधत बसतो.

‘मग एन्कोड करा की!’ असं लगेच सांगितलं जातं. आरएफसी ३९८६ मध्ये २००५ पासून त्याचे नियम स्पष्ट आहेत, हे खरं. पण विनंती फक्त आपल्या कोडमधून जात नाही. वाटेत प्रॉक्सी असतात, गेटवे असतात. अपाची वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये एन्कोड केलेली तिरकी रेघ दिसताच ४०४ देतो, टॉमकॅटही ती नाकारतो. वाटेतल्या एखाद्याने आधीच डिकोड केलं तर रेघ पुन्हा रेघच होते. म्हणून कोणी दोनदा एन्कोड करतं, ‘%’चं ‘%२५’ होतं, आणि कुठे किती वेळा उलगडायचं यावर दोन टीममध्ये वाद पेटतो. मराठी नावांचा पेच तर आणखी खोल आहे. ‘वऱ्हाडी ठेचा’ घ्या. त्यातला ‘ऱ’ एकाच कोडपॉइंटचा असू शकतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून दोनचा. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन हे दोन्ही एक करतं. पण ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून टाइप केलेला ‘ऱ्ह’ त्यातूनही निसटतो. एकाच बरणीच्या दोन नोंदी होतात आणि शिल्लक दोन्हीकडे चुकते.

गोदामातल्या माणसाला वाचता येणारा कोड हवा, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्याचा एसकेयू काढून घेऊच नका. तो स्वतंत्र फील्डमध्ये ठेवा, इंडेक्स लावा, शोधायची सोय द्या. उद्या मालाचा विभाग बदलला तर एसकेयू बदलेल, पण जुन्या ऑर्डरींमधले दुवे शाबूत राहतील. ‘बारकोड आहेच की’ म्हणणाऱ्यांनी सुट्ट्या मालाकडे पाहावं. दुकानातल्या वजनकाट्याच्या बारकोडमध्ये वजन किंवा किंमतच भरलेली असते, म्हणजे पनीरच्या दर पाकिटाचा आकडा निराळा. शिवाय बारकोड आकडा म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य गळतं. आयडी सर्व्हरनेच द्यावा, त्यात फक्त रोमन लिपीतली लहान अक्षरं, अंक आणि आडवी रेघ असावी, आणि जेसनमध्ये तो कायम स्ट्रिंग म्हणूनच जावा. त्याचे तुकडे पाडून अर्थ काढू नये, हे दस्तऐवजात पहिल्याच पानावर लिहा.