आनेकलहून सहकुटुंब विमानप्रवास

आनेकल तालुका बंगळुरूच्या दक्षिण टोकाला आणि केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीजवळ. आनेकल गावापासून विमानतळ सुमारे ७० किलोमीटर पडतो आणि मध्ये सबंध शहर आडवे येते. पुण्या-मुंबईला विमान दीड-पावणेदोन तासांत पोहोचते, पण त्याआधीचा हा रस्ताच पुष्कळदा त्याहून जास्त वेळ खातो. चंदापुरा, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या भागांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा अनुभव असा, की लेकरे आणि वडीलधारी माणसे बरोबर असताना होणारी बहुतेक ओढाताण आदल्या दिवशी घरीच टाळता येते.

रस्ता आणि वेळ

नेहमीचा मार्ग चंदापुरा, इलेक्ट्रॉनिक सिटी, सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ असा आहे. सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ ही कोंडीची ठरलेली ठिकाणे. पहाटे हे अंतर लवकर कापले जाते. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी मात्र तीन तास हाताशी ठेवावे लागतात. सर्जापूरच्या बाजूला राहणारे व्हाइटफील्ड-बुदिगेरे मार्गाने जातात. सामान बेताचे असेल तर इलेक्ट्रॉनिक सिटीहून सुटणारी बीएमटीसीची वायु वज्र बस, केआयए-८, टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत येते, पण ती विमानतळाला जात नाही.

पहाटेचे विमान रस्त्याच्या दृष्टीने सोयीचे. मात्र डिसेंबर-जानेवारीत देवनहळ्ळीला सकाळी धुके उतरते आणि उड्डाणे रखडतात. त्या दिवसांत लग्नाचा मुहूर्त गाठायचा असेल, तर आदल्या दिवशीचे तिकीट काढावे.

तिकीट काढताना

सगळ्यांची तिकिटे एकाच पीएनआरवर असावीत. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील एका तरी पालकाशेजारी आसन द्यावे, असे निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिले आहेत. तिकिटे वेगवेगळी काढली, तर हा आधार राहत नाही. दोन वर्षांखालील बाळासाठी जन्मदाखला जवळ ठेवावा. आजी-आजोबांना चाकाची खुर्ची लागणार असेल, तर ती तिकीट काढतानाच मागावी. निदान ४८ तास आधी कळवावे. आयत्या वेळी काउंटरवर मागितली, की गुडघे दुखणाऱ्या माणसाला बराच वेळ उभे राहावे लागते.

टर्मिनल दोन आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणे १२ सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल २ मधून होतात. देशांतर्गत उड्डाणे दोन्हींकडे विभागली आहेत, म्हणून टॅक्सीवाल्याला सांगण्याआधी तिकिटावरचा आकडा वाचावा.

सामान

देशांतर्गत स्वस्त तिकिटावर साधारणपणे माणशी १५ किलो सामान आणि ७ किलोंची एक हातबॅग चालते. काउंटरवर दिसणारे नेहमीचे दृश्य असे: काटा १८ किलो दाखवतो, मागे रांग ताटकळते आणि बॅग जमिनीवर उघडून लाडवांचा डबा, भाजणीची पिशवी आणि पैठणीचा खोका हातबॅगेत कोंबला जातो. घरी वजनकाट्यावर बॅग तोलली, की हा प्रसंगच येत नाही.

गावाकडून येणाऱ्या शिदोरीत सुके खोबरे हमखास असते. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीत ते धोकादायक माल गणले जाते आणि विमान कंपन्या ते नाकारतात. ते बंगळुरूतच विकत घ्यावे. तेलातले लोणचे आणि तूप सुरक्षा तपासणीत अडण्याचा संभव असतो. ते घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत टाकावे. पॉवर बँकेचे उलटे आहे: ती फक्त हातबॅगेत चालते. बाळाचे दूध आणि पेज प्रवासाला पुरेल इतकी नेता येते.

दारापासून आसनापर्यंत

डिजियात्रा ही चेहरा ओळखून प्रवेश देणारी सोय बंगळुरूला १ डिसेंबर २०२२ पासून आहे. घरातल्या काहींनीच नोंदणी केली, तर कुटुंब दोन रांगांत विभागले जाते आणि ओळखपत्रे, औषधे, पाण्याची बाटली नेमकी दुसऱ्या रांगेत राहते. तेव्हा सर्व प्रौढांनी नोंदणी करावी, नाहीतर सगळ्यांनी साध्या रांगेनेच जावे. देशांतर्गत चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते आणि त्यानंतर विनवण्यांचा उपयोग होत नाही.

विमान रखडले तर

अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे, असा महासंचालनालयाचा नियम आहे. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल, तर दुसरे विमान किंवा संपूर्ण परतावा यांतला पर्याय मिळतो. तक्रारीसाठी केंद्र सरकारचे एअरसेवा हे पोर्टल आहे. बोर्डिंग पास आणि आलेले संदेश जपून ठेवावेत.

गावाकडून पाहुणे येणार असतील

बंगळुरूला पहिल्यांदा येणाऱ्या आई-वडिलांना घराचा पत्ता कन्नड आणि इंग्रजीत लिहून आधीच पाठवावा. आनेकल तालुक्यात येण्यास पुष्कळ चालक लांब अंतरामुळे कां-कूं करतात, तेव्हा गाडी आधीच ठरवून ठेवावी. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर घरातल्या कोणीतरी स्वतः न्यायला जावे.