सेन्सरवर धूळ बसली. खिशाला किती पडेल?

खाडीकाठी, केळव्याच्या किनाऱ्यावर किंवा तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यालगत उघड्यावर लेन्स बदलणाऱ्याच्या फोटोत आज ना उद्या करडा ठिपका उमटतोच. तो दिसतो नेमका मोकळ्या आभाळात, प्री-वेडिंगच्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये. मग कॅमेरा पिशवीत घालून थेट मुंबई गाठली जाते. वैतरणा ते बोईसर पट्ट्यात राहणाऱ्याला त्या फेरीत दुकानदाराच्या बिलाइतकाच मोडलेला दिवसही महाग पडतो. म्हणून आधी फुकटचे उपाय करून पाहावेत आणि एकेक पायरी चढताना जिथे काम होईल तिथेच थांबावं.

आधी खात्री: धूळ आहे कुठे?

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२. मॅन्युअल फोकस करून तो मुद्दाम बिघडवा आणि पांढरा कागद किंवा निरभ्र आकाश भरून फोटो काढा. शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवला तरी चालतो, कारण सेन्सरवरचा कण जागचा हलत नाही. फोटो संगणकावर मोठा करून पाहा.

आता लेन्स बदलून तोच फोटो घ्या. ठिपका त्याच जागी राहिला तर तो सेन्सरवर आहे, नाहीसा झाला तर लेन्समध्ये. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये कचरा दिसतो पण फोटोत येत नाही, तर तो आरशावर किंवा फोकसिंग स्क्रीनवर असतो. त्याने फोटो बिघडत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

फोटोत ठिपका उमटवणारा कण खुद्द सेन्सरला चिकटलेला नसतो. तो सेन्सरपुढच्या फिल्टरच्या काचेवर बसतो आणि तिथून सावली पाडतो. एफ/२.८ला ती सावली पसरून विरते, एफ/१६ला टोकदार होते. म्हणूनच हॉलमध्ये उघड्या ॲपर्चरने लग्न शूट करणाऱ्याला महिनोन् महिने काही जाणवत नाही आणि किनाऱ्यावर एफ/११ने काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसतं. तुम्ही वापरता त्या ॲपर्चरला ठिपका दिसत नसेल, तर आज खर्चाची गरज नाही.

खर्चाच्या पायऱ्या

खालचे दर ढोबळ आहेत. ब्रँड आणि दुकानाप्रमाणे कमी-जास्त होतात.

*१. कॅमेऱ्यातली सफाई: ० रुपये.* कंपनांनी धूळ झटकणारा फिल्टर ऑलिम्पसने २००३ साली ई-१ कॅमेऱ्यात आणला. आज बहुतेक कॅमेऱ्यांत तशी सोय असते. मेन्यूतून ती चार-पाच वेळा चालवा. सुकी धूळ झडते. ओलसर मिठाचा कण, परागकण किंवा तेलाचा थेंब हटत नाही.

*२. सॉफ्टवेअर: ० रुपये.* दोन-चार ठिपके एडिटिंगमध्ये सहज पुसले जातात आणि एका फोटोवरची दुरुस्ती साऱ्या मालिकेला लावता येते. कॅननमध्ये ‘डस्ट डिलीट डेटा’ आणि निकॉनमध्ये ‘डस्ट ऑफ रेफ’ याच कामासाठी आहेत. व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र यावर विसंबू नये. हलत्या चित्रातला ठिपका पुसण्यात रात्र जाते.

*३. रबरी ब्लोअर: २०० ते ८०० रुपये.* बॅटरी पूर्ण चार्ज करा, मेन्यूतला क्लीनिंग मोड लावा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा आणि टोक आत न घुसवता हवा मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकी उडते. पेट्रोल पंपावरच्या टायरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, डबाबंद हवेच्या कॅनमधून थंड द्रव उडतो, दोन्ही टाळा.

*४. स्वॅब आणि लिक्विड: दहा-बारा नगांचा संच ८०० ते २,००० रुपये.* माप पाहूनच घ्या: फुल फ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला साधारण १६ मिलिमीटर. आधी ब्लोअर, मगच स्वॅब, नाहीतर वाळूचा कण काचेवर घासला जातो. लिक्विडचे एक-दोन थेंब पुरे. एका बाजूने एकदा, उलट करून दुसऱ्या बाजूने एकदा, आणि तो स्वॅब फेकून द्या. कान साफ करायचे बोळे, चष्म्याचं कापड, सॅनिटायझर यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नका. बॉडीत इमेज स्टॅबिलायझेशन असेल तर सेन्सर तरंगता असतो. हात आणखी हलका ठेवा आणि मॅन्युअल आधी वाचा.

ठिपका कुठे शोधायचा? लेन्स काढून कॅमेऱ्यात समोरून पाहताना फोटोतली वरची बाजू सेन्सरवर खाली असते. डावी-उजवी तशीच राहते.

*५. जाणकार दुकान: ५०० ते १,५०० रुपये. अधिकृत सेवा केंद्र: १,००० ते २,५०० रुपये.* बिलावर १८ टक्के जीएसटी धरा. फोर्टमधली बोरा बाजार स्ट्रीट ही फोटोच्या सामानाची जुनी पेठ सीएसएमटीजवळच आहे. पण विरारच चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर, वैतरणा त्याच्याही पुढे, आणि विरारपलीकडे लोकल मोजक्या. फोन करून ‘त्याच दिवशी मिळेल का’ हे विचारल्याशिवाय घर सोडू नका. पाच-सहा फोटोग्राफरांनी बॉडी एकत्र पाठवल्या तर एकाचाच दिवस मोडतो.

देताना आणि घेताना

देण्याआधी एफ/१६चा चाचणी फोटो काढून ठेवा. पावतीवर बॉडीचा सीरियल क्रमांक, शटर काउंट आणि ‘सेन्सरवर ओरखडा नाही’ एवढं लिहून घ्या. परत घेताना तिथेच, त्याच ॲपर्चरला पुन्हा फोटो काढून मोठा करून पाहा. ओरखडा पडला तर फिल्टर किंवा पूर्ण सेन्सर बदलावा लागतो, आणि जुन्या बॉडीच्या बाबतीत तो खर्च तिच्या बाजारभावाच्या वर जाऊ शकतो.

दुकानदार नुकसान नाकारू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान मुंबईत असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही. पावती नसेल तर मात्र बाजू लंगडी पडते.

तेच ठिपके सफाईनंतर लगेच पुन्हा येत असतील तर दोष कॅमेऱ्याचाही असू शकतो. २०१२च्या निकॉन डी६००वर असे डाग पडत होते. कंपनीला पुढे ते मोफत तपासून साफ करून द्यावे लागले. वॉरंटीतली बॉडी म्हणूनच स्वतः उघडून साफ करू नका, आधी कंपनीला कळवा.

इथल्या हवेत काय सांभाळावं

किनारपट्टीवर वाऱ्यात मिठाचे कण असतात. दमट हवेत ते ओले होतात, वाळले की काचेला धरून बसतात. भात झोडणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर आणि हायवेच्या कामांजवळ धूळ वेगळीच. अशा ठिकाणी लेन्स गाडीत, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदला. दोन बॉडी असतील तर दोन्हींना एकेक लेन्स कायम लावून ठेवा. मागची टोपी लावण्याआधी झटका. तिच्यातलाच कचरा आत जातो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. हा खर्च शंभर-दोनशेच्या आत बसतो आणि लेन्सला बुरशीही धरत नाही.

कोणी काय करावं?

हौशी माणसाने फक्त ब्लोअर घ्यावा आणि दोन वर्षांतून एकदा, मुंबईला दुसऱ्या कामाने जाणं होईल तेव्हा, दुकानातून सफाई करून घ्यावी. एका सफाईला दोन-तीन स्वॅब लागतात, म्हणजे घरच्या घरी दोनशे ते पाचशे रुपये. वर्षातून तीनदा सफाई लागणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरला संच पहिल्याच वर्षी परवडतो. त्याने पहिला हात जुन्या बॉडीवर बसवावा, आणि तोही हंगामाआधी. मुहूर्ताच्या आदल्या रात्री नव्हे.